डेव्हलपर टूल्समध्ये स्टाइलशीटची फाइल किंवा ओळ चुकीची दिसते, तेव्हा दोष कुठे शोधावा

क्रोममध्ये पानावरचा एखादा घटक इन्स्पेक्ट केला, की स्टाइल्स पॅनेलमध्ये त्याला लागू झालेले नियम दिसतात आणि प्रत्येक नियमाच्या उजव्या टोकाला फाइलीचे नाव व ओळ क्रमांक असलेली लिंक असते. ही लिंक भरवशाची असेल, तर एका नियमासाठी सगळा प्रकल्प धुंडाळावा लागत नाही. पण सॅस (एससीएसएस फाइलींतून सीएसएस, म्हणजे पानाच्या रूपाचे नियम, तयार करणारे साधन), पोस्टसीएसएस (सीएसएसवर पुढची प्रक्रिया करणारे) किंवा वेबपॅक (प्रकल्पाच्या फाइली एकत्र बांधणारे) यांसारखी साधने मध्ये आली, की ‘_बटन.एससीएसएस:१८’ असे दिसण्याऐवजी प्रत्येक नियमापुढे ‘मेन.मिन.सीएसएस:१’ एवढेच दिसू लागते. मिनिफाय झालेली, म्हणजे मोकळ्या जागा काढून आकसवलेली, सारी फाइल एकाच ओळीत असते आणि त्या ओळीचा क्रमांक अर्थातच १ असतो. कधी फाइलीचे नाव बरोबर असते पण ओळ चुकते. कधी दोन्ही बरोबर असूनही लिंकवर क्लिक केल्यावर काहीच मजकूर उघडत नाही. आणि एकदा निस्तरलेला हा दोष साधनाची आवृत्ती बदलली, सर्व्हर बदलला किंवा बिल्डमध्ये, म्हणजे मूळ फाइलींपासून अंतिम फाइली तयार करण्याच्या प्रक्रियेत, एखादी पायरी वाढली, की पुन्हा डोके वर काढतो.

तो परत येतो, कारण मूळ फाइलीचा पत्ता तीन-चार साधनांच्या हातांतून ब्राउझरपर्यंत पोहोचतो आणि त्यांपैकी एकानेही तो पुढे दिला नाही, तर ब्राउझरकडे दाखवण्यासारखे काही उरत नाही. ब्राउझर स्वतःहून चुकीचे ठिकाण बनवत नाही. हाती आलेल्या माहितीवरून तो ते काढतो. म्हणून बिल्डची कॉन्फिगरेशन फाइल उघडून एकेक पर्याय चालू-बंद करत बसण्यापेक्षा ब्राउझरच्या टोकाकडून सुरुवात करून एकेक पायरी मागे जाणे श्रेयस्कर ठरते. पहिली तुटलेली कडी सापडली, की दुरुस्ती बहुधा एका ओळीची असते.

आधी लेबल वाचावे

लिंकच्या जागी दिसणारी काही लेबले दोष दाखवत नाहीत, तर नियम कुठून आला हे सांगतात. ‘यूजर एजंट स्टाइलशीट’ म्हणजे ब्राउझरचे स्वतःचे मूळ नियम. ‘इंजेक्टेड स्टाइलशीट’ दिसल्यास तो नियम बहुधा एखाद्या एक्स्टेन्शनने घातलेला असतो, त्यामुळे तो आपल्या कोडमध्ये शोधण्यात अर्थ नाही. एक्स्टेन्शन नसलेल्या प्रोफाइलमध्ये पान उघडून खात्री करून घ्यावी. ‘इन्स्पेक्टर-स्टाइलशीट’ म्हणजे आपणच पॅनेलमधल्या अधिकच्या चिन्हावर क्लिक करून जोडलेला तात्पुरता नियम, जो पान रिफ्रेश केल्यावर नाहीसा होतो. ‘(इंडेक्स):४२’ असे दिसले, तर नियम एचटीएमएलमधल्याच स्टाइल टॅगमध्ये लिहिलेला आहे आणि ओळ क्रमांक एचटीएमएलचा आहे. फायरफॉक्स अशा नियमापुढे ‘इनलाइन’ असे लिहितो.

दोन लेबले मात्र थोडे थांबून पाहण्यासारखी आहेत. ‘कन्स्ट्रक्टेड स्टाइलशीट’ म्हणजे जावास्क्रिप्टने नवे स्टाइलशीट ऑब्जेक्ट तयार करून ते पानाला किंवा शॅडो डॉमला (घटकाच्या आतल्या, बाकी पानापासून वेगळ्या राखलेल्या भागाला) जोडलेले असते. ओळ क्रमांकाशिवाय नुसते ‘<स्टाइल>’ असे दिसणे म्हणजे टॅग पानात आहे, पण त्यातले नियम स्क्रिप्टने नंतर घातलेले किंवा बदललेले आहेत. जावास्क्रिप्टमधून सीएसएस लिहू देणाऱ्या इमोशन आणि स्टाइल्ड-कंपोनंट्स या लायब्ररी प्रॉडक्शनमध्ये (प्रत्यक्ष वापरातल्या साइटवर) वेगासाठी नियम थेट ‘इन्सर्टरूल’ या ब्राउझरच्या आज्ञेने घालतात, तेव्हा एलिमेंट्स पॅनेलमध्ये स्टाइल टॅग चक्क रिकामा दिसतो, तरी नियम लागू झालेले असतात. अशा नियमांना फाइल व ओळ असण्याची अपेक्षाच चुकीची आहे. डेव्हलपमेंटमध्ये बेबल या जावास्क्रिप्टचे रूपांतर करणाऱ्या साधनासाठीचे त्या त्या लायब्ररीचे प्लगइन वापरले, की क्लासच्या नावात कंपोनंटचे नाव येते, आणि व्यवहारात तेवढ्याने भागते.

नाव चुकीचे आहे, की मजकूर उघडत नाही?

या दोन तक्रारी एकच समजल्या जातात आणि तिथेच बराच वेळ वाया जातो. सोर्स मॅप ही मूळ फाइलींची नावे आणि कंपाइल झालेल्या सीएसएसमधल्या जागा यांची सांगड घालणारी जेसन फाइल असते. स्टाइल्स पॅनेलमधले नाव व ओळ क्रमांक काढायला ही फाइल पुरेशी असते. मूळ एससीएसएस फाइल ब्राउझरला मिळालीच पाहिजे असे नाही. ती लागते लिंकवर क्लिक केल्यानंतर, सोर्सेस पॅनेलमध्ये मजकूर दाखवण्यासाठी.

म्हणजेच पॅनेलमध्ये ‘मेन.मिन.सीएसएस:१’ दिसत असेल, तर ब्राउझरला सोर्स मॅप मिळालेला नाही किंवा वाचता आलेला नाही. ‘_बटन.एससीएसएस:१८’ बरोबर दिसते पण क्लिक केल्यावर मजकूर येत नाही, तर मॅप उत्तम आहे आणि मूळ फाइल सर्व्हरवरून मिळत नाही एवढाच प्रश्न आहे. दुसऱ्या प्रकारात बिल्ड सर्व्हर केवळ कंपाइल झालेल्या सीएसएसचा फोल्डर ब्राउझरला पुरवत असतो आणि शेजारचा एससीएसएसचा फोल्डर बाहेरून दिसत नसतो. उपाय म्हणून तो फोल्डर डेव्हलपमेंट सर्व्हरवर उघडा करता येतो, पण मूळ मजकूर मॅपच्या आतच भरणे अधिक सोयीचे. डार्ट सॅस या सॅसच्या मुख्य कंपायलरला कमांडलाइनवर ‘--एम्बेड-सोर्सेस’ हा पर्याय दिला, की मॅपमधल्या ‘सोर्सेसकंटेंट’ या फील्डमध्ये संपूर्ण मूळ मजकूर येतो. तोच मॅप प्रॉडक्शनवर गेला तर मूळ फाइलींमधल्या टिप्पण्याही कोणालाही वाचता येतात, हे ध्यानात ठेवून तो पर्याय डेव्हलपमेंटपुरता राखावा.

ब्राउझरला मिळालेली फाइल पाहणे

मॅप मिळत नसेल, तर प्रथम क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रेफरन्सेसखाली ‘एनेबल सीएसएस सोर्स मॅप्स’ चालू आहे ना हे पाहावे. जावास्क्रिप्टच्या सोर्स मॅपचा पर्याय वेगळा असतो, आणि एक चालू असून दुसरा बंद असल्याचे प्रसंग येतात. नेटवर्क पॅनेलमध्ये ‘डिसेबल कॅशे’ निवडून पान पुन्हा लोड करावे. सर्व्हिस वर्कर (फाइली साठवून पानाला पुरवणारी पार्श्वभूमीतली स्क्रिप्ट) असेल, तर तोही ॲप्लिकेशन पॅनेलमधून बाजूला करावा, कारण सर्व्हिस वर्करने साठवलेली जुनी सीएसएस आणि सर्व्हरवरून आलेला नवा मॅप अशी जोडी जमली, की ओळी अशा काही चुकतात की कारण लक्षात येणे अवघड होते.

त्यानंतर नेटवर्क पॅनेलमधूनच सीएसएस फाइल उघडून तिची शेवटची ओळ वाचावी. तिथे /*# सोर्समॅपिंगयूआरएल=मेन.मिन.सीएसएस.मॅप */ अशा धर्तीची टिप्पणी असली पाहिजे. ती सीएसएसच्या टिप्पणीतच असावी लागते. जावास्क्रिप्टमध्ये चालणारी दोन तिरक्या रेघांची टिप्पणी इथे चालत नाही. ही टिप्पणी नसेल, तर सर्व्हरने ‘सोर्समॅप’ हा हेडर पाठवलेला चालतो. दोन्ही नसतील, तर दोष बिल्डमध्ये आहे किंवा बिल्डनंतर कोणीतरी टिप्पणी कापून टाकली आहे. हे ‘कोणीतरी’ म्हणजे बहुधा शेवटच्या पायरीचा मिनिफायर असतो. वर्डप्रेससारख्या ठिकाणी अनेक सीएसएस फाइली एकत्र करणारी ऑप्टिमायझेशन प्लगइन्स किंवा सीएसएस आपोआप आकसवणारी सीडीएनची (फाइली वाचकाजवळच्या सर्व्हरवरून पुरवणाऱ्या सेवेची) सोयही हेच करते. बिल्डच्या फोल्डरमधली फाइल आणि ब्राउझरला मिळालेली फाइल शेजारी ठेवून पाहिल्या, की ते लगेच कळते.

टिप्पणी आहे पण मॅप लागू होत नाही, अशा वेळी क्रोमच्या ‘मोअर टूल्स’ मेनूतले ‘डेव्हलपर रिसोर्सेस’ हे पॅनेल उघडावे. ते फारसे कोणी उघडत नाही, पण या कामासाठी त्याच्याइतके उपयोगी दुसरे काही नाही. डेव्हलपर टूल्सने स्वतःसाठी मागवलेल्या प्रत्येक मॅपचा पत्ता आणि तो मिळाला की नाही, हे त्यात नोंदलेले असते. नेटवर्क पॅनेलमध्ये या मागण्या सहसा दिसत नाहीत, त्यामुळे ‘ब्राउझर मॅप मागतच नाही’ असा गैरसमज होतो. फायरफॉक्स अशी चूक कन्सोलमध्येच लिहितो आणि सोबत स्टाइलशीटचा व मॅपचा असे दोन्ही पत्ते देतो.

त्या पॅनेलमध्ये ४०४ (‘फाइल सापडली नाही’) दिसले, तर पत्ता चुकला आहे. टिप्पणीतला सापेक्ष पत्ता सीएसएस फाइलीच्या पत्त्यावरून मोजला जातो, पानाच्या पत्त्यावरून नव्हे. स्टाइल टॅगमधल्या सीएसएसला स्वतःचा पत्ता नसतो, त्यामुळे तिथे तो पानाच्या पत्त्यावरून मोजला जातो आणि एकच टिप्पणी एका पानावर चालते, दुसऱ्यावर चालत नाही. जेसन वाचताना ‘<’ या चिन्हापाशी चूक झाल्याचे दिसले, तर सर्व्हरने मॅपच्या जागी एचटीएमएल पाठवले आहे. सिंगल पेज ॲप्लिकेशनचा (एकाच एचटीएमएल पानावर चालणाऱ्या ॲपचा) सर्व्हर न सापडलेल्या प्रत्येक पत्त्याला मुखपृष्ठाचे एचटीएमएल आणि २०० हा ‘सर्व ठीक’ असा स्टेटस देतो. लॉगिनच्या मागे असलेला स्टेजिंग (चाचणीसाठीचा) सर्व्हर मॅपऐवजी लॉगिनचे पान देतो. स्टेटस २०० आहे म्हणून सगळे ठीक आहे असे धरून चालणे इथे अंगाशी येते.

मॅपच्या आत डोकावणे

मॅप मिळाला आणि वाचलाही गेला, तरीही नावे विचित्र दिसत असतील, तर तो टेक्स्ट एडिटरमध्ये उघडावा. सोर्स मॅपची तिसरी आवृत्ती २०११ पासून वापरात आहे आणि डिसेंबर २०२४ मध्ये ती एक्मा-४२६ या नावाने अधिकृत मानक झाली, त्यामुळे कोणत्याही साधनाचा मॅप उघडला तरी तीच फील्ड्स सापडतात. आपल्या कामाची तीन: ‘सोर्सेस’, ‘सोर्सरूट’ आणि ‘मॅपिंग्ज’.

‘सोर्सेस’ ही मूळ फाइलींची यादी. तिच्यातले सापेक्ष पत्ते मॅपच्या पत्त्यावरून मोजले जातात आणि ‘सोर्सरूट’ दिलेला असेल, तर तो त्यांच्या आधी जोडला जातो. गल्प या बिल्ड साधनाच्या जुन्या फाइलीत कोणीतरी टाकलेला ‘सोर्सरूट’ आणि नव्या साधनाने लिहिलेले ‘../’ने सुरू होणारे पत्ते एकत्र आले, की फोल्डरचे नाव दोनदा येते किंवा पत्ता एक पायरी वर सरकतो. यादीत एखाद्या संगणकावरचा संपूर्ण पत्ता दिसला, तर डार्ट सॅसला ‘--सोर्स-मॅप-यूआरएल्स’ या पर्यायात ‘ॲब्सोल्यूट’ दिलेले आहे का ते पाहावे. न सांगता सॅस सापेक्ष पत्तेच लिहितो. संपूर्ण पत्ता दुसऱ्याच्या संगणकावर निरुपयोगी असतो आणि प्रॉडक्शनवर गेला तर लिहिणाऱ्याच्या फोल्डरांची नावे जगजाहीर करतो.

यादीत ‘<नो सोर्स>’ असे आढळले, तर पोस्टसीएसएसच्या टप्प्याकडे पाहावे. पोस्टसीएसएसला जावास्क्रिप्टमधून बोलावताना ‘फ्रॉम’ हा पर्याय दिलेला नाही, असा त्याचा अर्थ असू शकतो. तसे असेल, तर पोस्टसीएसएसला नुसता मजकूर मिळाला, पण तो कोणत्या फाइलीचा हे कळले नाही. त्यामुळे सॅसने शेजारी ठेवलेला आधीचा मॅपही त्याला सापडत नाही आणि त्या टप्प्याच्या आधीचा सारा माग पुसला जातो. ‘फ्रॉम’ आणि ‘टू’ हे दोन्ही पर्याय नेहमी द्यावेत. ऑटोप्रीफिक्सर या ब्राउझरनिहाय उपसर्ग जोडणाऱ्या पोस्टसीएसएस प्लगइनला नाहक दोष दिला जातो, मूळ चूक मात्र या न दिलेल्या पर्यायाची असू शकते.

‘मॅपिंग्ज’ हा अक्षरांचा लांबच लांब पट्टा वाचण्यासाठी नसतो, पण त्यातील अर्धविराम ओळखता येणे उपयोगी आहे. प्रत्येक अर्धविराम म्हणजे कंपाइल झालेल्या फाइलीतली एक ओळ संपली. मिनिफाय केलेल्या फाइलीच्या मॅपमध्ये अर्धविराम जवळपास नसतातच, कारण सगळे एका ओळीत असून जागा स्तंभांवरून ठरते.

नाव बरोबर, ओळ चुकीची

अर्धविरामांचे हे ज्ञान इथे कामी येते. बिल्ड पूर्ण झाल्यावर एखादी स्क्रिप्ट सीएसएसच्या माथ्यावर तीन ओळींची परवान्याची टिप्पणी चिकटवते, असे समजा. सॅसने मॅप लिहिला तेव्हा बटणाचा नियम चाळिसाव्या ओळीवर होता. आता तो त्रेचाळिसाव्या ओळीवर आहे. ब्राउझर मॅपमध्ये त्रेचाळिसावी ओळ शोधतो आणि तिथे पूर्वी जो नियम होता त्याचे मूळ ठिकाण दाखवतो. त्यामुळे चूक मूळ फाइलीत तीन ओळींची असेलच असे नाही. दोन फाइलींच्या सीमेवरचा नियम असेल, तर चक्क दुसऱ्याच फाइलीचे नाव दिसते, आणि शेवटच्या काही नियमांना मॅपमध्ये जागाच उरत नाही. कंपाइल झालेल्या फाइलीत मोजले, की अंतर सगळीकडे सारखे भरते. हीच या दोषाची खूण.

मॅपिंग्जच्या सुरुवातीला तीन अर्धविराम हाताने टाकले तर ओळी जुळतात, पण हे फक्त निदान पक्के करण्यापुरते करावे. खरी दुरुस्ती म्हणजे ती टिप्पणी सॅसच्या मूळ फाइलीतच उद्गारचिन्हाने सुरू होणाऱ्या टिप्पणीच्या रूपात लिहिणे. ती मिनिफाय करतानाही टिकते आणि मॅप तयार होताना तिचा हिशेब धरला जातो.

ओळ चुकीची वाटते पण प्रत्यक्षात बरोबर असते, असेही होते. मिक्सिनच्या (सॅसमधल्या पुन्हा वापरता येणाऱ्या नियमगटाच्या) आत सिलेक्टर (नियम कोणत्या घटकांना लागू हे सांगणारा भाग) लिहिलेला असेल, तर लिंक मिक्सिनच्या फाइलीकडे जाते, मिक्सिन जिथे वापरले तिथे नाही. नियम लिहिला गेला आहे तो तिथेच, त्यामुळे ब्राउझरचे काही चुकत नाही. अशा वेळी पॅनेलमध्ये प्रॉपर्टीच्या नावावर कंट्रोल दाबून, मॅकवर कमांड दाबून, क्लिक करावे. त्या एका घोषणेचे ठिकाण उघडते, आणि लांबलचक नेस्टिंगमध्ये (नियमात नियम लिहिलेले असताना) ते सिलेक्टरच्या ठिकाणापेक्षा जास्त उपयोगी पडते.

वेबपॅक आणि व्हीट

वेबपॅकमध्ये डेव्हलपमेंट मोडचे ‘डेव्हटूल’ (मॅप कसे बनवायचे हे ठरवणारा पर्याय) वेगळे काही न सांगता ‘इव्हॅल’ असते आणि त्या मूल्यावर सीएसएस-लोडर, म्हणजे वेबपॅकसाठी सीएसएस वाचणारा भाग, मॅप तयारच करत नाही. जावास्क्रिप्टच्या फाइली नीट दिसत असल्यामुळे मॅप चालू आहेत असा समज होतो. वेगळी सीएसएस फाइल काढणारे प्लगइन वापरत असल्यास ‘सोर्स-मॅप’ हे मूल्य सर्वांत खात्रीचे. सॅस-लोडर, पोस्टसीएसएस-लोडर आणि सीएसएस-लोडर या तिघांनाही मॅपचा पर्याय स्वतंत्रपणे देता येतो, आणि त्यांपैकी एकाला कोणीतरी कधीकाळी ‘फॉल्स’ लिहून ठेवले असेल, तर बाकी दोघांचे काम फुकट जाते.

व्हीट या दुसऱ्या बिल्ड साधनात सीएसएसचे मॅप डेव्हलपमेंटमध्येही बंद असतात. कॉन्फिगरेशनमधल्या ‘सीएसएस’ विभागातला ‘डेव्हसोर्समॅप’ हा पर्याय चालू करावा लागतो. मॅप चालू नसतानाही एक आडवाट आहे. व्हीट प्रत्येक सीएसएस फाइलीसाठी पानाच्या हेडमध्ये वेगळा स्टाइल टॅग घालतो आणि त्यावरील ‘डेटा-व्हीट-डेव्ह-आयडी’ या ॲट्रिब्यूटमध्ये मूळ फाइलीचा पूर्ण पत्ता लिहितो. पॅनेलमधल्या ‘<स्टाइल>’ या लेबलवर क्लिक केले, की तोच टॅग एलिमेंट्समध्ये उघडतो आणि पत्ता समोर दिसतो.

बरोबर असूनही निरुपयोगी नावे

सगळे जुळल्यावरही पॅनेलमध्ये दहा ठिकाणी ‘_इंडेक्स.एससीएसएस’ दिसत असेल, तर एवढा खटाटोप कशासाठी केला असा प्रश्न पडतो. पॅनेल पत्त्याचा फक्त शेवटचा तुकडा दाखवते. पूर्ण पत्ता लिंकवर माउस नेल्यावर दिसतो. हे बदलण्याची सोय ब्राउझरकडे मागत बसण्यापेक्षा फाइलींना कंपोनंटच्या नावाने ओळखता येतील अशी नावे देणे हाच टिकाऊ मार्ग आहे, मग आयात करताना थोडे अधिक लिहावे लागले तरी चालेल. सीएसएस मॉड्यूल्स (क्लासची नावे फाइलीपुरती वेगळी करणारी पद्धत) वापरणाऱ्यांनी डेव्हलपमेंटमध्ये क्लासच्या नावाच्या साच्यात फोल्डर, फाइल आणि मूळ क्लास हे तिन्ही घालावेत. तसे केले, की फाइलीचे नाव एचटीएमएलमध्येच वाचता येते आणि मॅप तुटला तरी अडत नाही.

सर्व्हरकडून स्टाइल टॅगमध्ये थेट छापल्या जाणाऱ्या सीएसएसलाही नाव देता येते. टॅगच्या शेवटी /*# सोर्सयूआरएल=हेडर.सीएसएस */ अशी टिप्पणी लिहिली, की क्रोम त्या टॅगला पानाच्या नावाऐवजी तेच नाव देतो. टेम्पलेटमध्ये विखुरलेल्या स्टाइल टॅगांसाठी, तेही फक्त डेव्हलपमेंटमध्ये, ही युक्ती वापरण्यासारखी आहे.

दोष परत येऊ नये म्हणून

कॉन्फिगरेशन कितीही नीट लावले तरी पुढच्या अपग्रेडला ते शांतपणे मोडते, कारण मॅप तुटल्याने पान बिघडत नाही आणि कोणतीही चाचणी अयशस्वी होत नाही. म्हणून बिल्डच्या शेवटी एक छोटी स्क्रिप्ट ठेवावी. ती प्रत्येक सीएसएस फाइलीच्या शेवटच्या ओळीतून मॅपचा पत्ता काढते, तो मॅप त्या जागी आहे आणि जेसन म्हणून वाचता येतो हे तपासते, आणि ‘सोर्सेस’च्या यादीत ‘<नो सोर्स>’, संपूर्ण पत्ते किंवा प्रकल्पात नसलेल्या फाइली आढळल्या तर बिल्ड थांबवते. ओळींची घसरण पकडण्यासाठी मूळ एससीएसएसमध्ये एक ओळखीचा, कुठेच न वापरलेला क्लास ठेवून त्याचे मूळ ठिकाण मॅपमधून काढून पाहावे. नोडमध्ये सोर्स मॅप वाचणाऱ्या तयार लायब्ररी आहेत, त्यामुळे हे काम मोजक्या ओळींत होते. स्क्रिप्ट बिल्डच्या फोल्डरवर चालवण्याऐवजी स्टेजिंग सर्व्हरच्या पत्त्यावर चालवली, तर सीडीएनने किंवा प्लगइनने नंतर केलेली कापाकापीही तिच्या तावडीतून सुटत नाही.